रूबेन अंकलची बोट कुठे बांधायची

रूबेन अंकल नुसता निषेध करत नाहीत, तो समोरच्याला लिहून घ्यायला लावतात. "माझा निषेध लिहून घ्या," हे वाक्य त्यांनी लंडनमधल्या आमच्या पिनर स्टेशनवरच्या तिकीट तपासनिसाला, आमच्या डेंटिस्टला आणि बेकरीतल्या एका मुलीला ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं आहे. डेंटिस्टचे दोन्ही हात तेव्हा अंकलच्याच तोंडात होते, त्यामुळे त्याला लिहिता आलं नाही. बेकरीतल्या मुलीने मात्र बिचारीने कागदी पिशवीवर लिहिलं, की पावाच्या स्लाइस फार पातळ आहेत. अंकलनी ते चष्मा लावून वाचलं, खाली तारीख घालायला लावली आणि पिशवी तिच्याकडेच ठेवायला सांगितली.

रूबेन झिराडकर म्हणजे आमचे शेजारी, मध्ये फक्त एक लाकडी कुंपण. वय शहात्तर. मुंबईतले मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागकडचं. चाळीस वर्षं लंडनच्या बस गॅरेजात काढली, त्यातली तीस युनियनमध्ये. निषेधाची सवय तिथली. सिफोरा आंटी होत्या तोवर अर्धेअधिक निषेध घरातच जिरायचे. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, एकुलता एक मुलगा बेनी कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरीला, आणि त्यामुळे हा सगळा माल कुंपणावरून माझ्याकडे येऊ लागला. मी बावीस वर्षं या घरात राहते आणि मला कुणी विचारलेलं नाही, की मीनल, तुला हे चालेल का.

फेब्रुवारीत त्यांचं हिपचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने बजावलं, काही आठवडे गाडी चालवायची नाही आणि एका दमात पंधरा मिनिटांहून जास्त चालायचं नाही, पुढेही कायम बेतानेच. अंकलनी डॉक्टरला निषेध लिहून घ्यायला सांगितला. घरी येऊन तीन आठवडे पडून राहिले. चौथ्या आठवड्यात कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "मी बोट घेतली."

घेतलीही होती. फोनवरून, न बघता. नॅरोबोट म्हणजे इथल्या कालव्यांतून फिरणारी लोखंडी बोट. लांबीला आमच्या घराच्या दीडपट आणि रुंदीला कशीबशी सात फूट. आत शिरलं की एकामागे एक चालायचं, वळायचं असेल तर आधी सांगायचं. या बोटीवर मोठ्या गुलाबी अक्षरांत "लेझी डेझी" असं नाव होतं. अंकलचा पहिला निषेध त्यावरच. चाळीस वर्षांत एक खाडा नाही आणि माझ्या बोटीचं नाव आळशी? विकणारा म्हणाला, बोटीचं नाव बदलणं अशुभ असतं. बोटीच्या कागदांवर कोपऱ्यात त्याने अंकलचा निषेध लिहून दिला, तो मी पाहिला आहे.

दुसऱ्याच दिवशी कार्डिफहून बेनीचा फोन आला, मला. बेनीचा जन्म इथलाच, पण माझ्याशी तो हट्टाने मराठी बोलतो. "मीनल आंटी, डॅडचा हिप नवीन आहे आणि बोट जुना आहे, हा कसली प्लॅन आहे?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, मला तर बोटीने फिरायला गेलं तरी मळमळतं. त्यावर तो म्हणाला, पण तू त्यांना सगळीकडे ड्राइव्ह करशील ना. थोडक्यात, माझी नेमणूक झालेली होती आणि मला ती सर्वांत शेवटी कळली.

आता बोट घेतली म्हणजे झालं असं नाही. ती बांधून ठेवायला स्वतःची जागा लागते, तिला इथे मुअरिंग म्हणतात. ज्याच्याकडे मुअरिंग नाही त्याने दर दोन आठवड्यांनी बोट पुढे हलवत राहायचं, असा नियम आहे. हलवायची म्हणजे वाटेतली लॉक्स, ती पाणी अडवणारी अवाढव्य लाकडी दारं, पाठीने रेटून उघडायची. नवा हिप घेऊन ते होणार नव्हतं. विकणाऱ्याने स्वतःच्या जागेवर बोट एप्रिलअखेरपर्यंत ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर मुअरिंग मिळालं तर ठीक, नाहीतर बोट त्यालाच परत द्यायची, असं ठरलं होतं.

त्यामुळे मार्च आणि एप्रिलमधल्या माझ्या सुट्ट्या कालव्याकाठी गेल्या. आम्ही नऊ जागा पाहिल्या. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी अंकल गाडीत बसत नाहीत. मासळीपासून मिठाईपर्यंत बाकी कशातही ते फार कर्मठ नाहीत, पण त्यांच्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा, म्हणून यांच्यासाठी शनिवारी चाकं थांबतात. म्हणजे उरला माझा रविवार. माझ्या रविवारचा कुणी निषेध लिहून घेतला नाही.

रिकमन्सवर्थजवळची पहिली जागा इतकी सुंदर, की मलाच मळमळ विसरून बोट घ्यावीशी वाटली. गरम पाण्याची अंघोळ, कपडे धुवायचं मशीन, फुलांच्या कुंड्या. अंकलनी नियमांचे कागद वाचले. सातवा नियम असा होता, की बोटीवर कपडे वाळत घालू नयेत. झालं. स्वतःच्या कापडाला स्वतःच्या लोखंडावर वाळायला बंदी, ही कसली लोकशाही, म्हणून अर्धा तास. डेनमजवळ एका सद्गृहस्थाच्या बागेच्या टोकाला जागा होती. त्याने चहा दिला, केक दिला, आणि बोलता बोलता "माझा कालवा" म्हणाला. अंकलनी कप खाली ठेवला. कालवा ज्यांनी खणला त्यांच्या हातांना आलेल्या फोडांविषयी ते जे बोलले, ते ऐकून त्या माणसाने केकचं ताटही उचललं.

हे झालं तोंडदेखलं कारण. खरी गंमत नंतर व्हायची. प्रत्येक ठिकाणी अंकल गाडीतून उतरायचे, पाण्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, काठी टेकत जवळच्या पुलापर्यंत जायचे, एका विशिष्ट दिशेला बघायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "लांब."

मी विचारायचे, कशापासून?

"तुला काय करायचंय?"

मला काय करायचंय. पेट्रोल माझं, रविवार माझा, चिखलात फसलेले बूट माझे, आणि मला काय करायचंय. घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडायचे. तो म्हणायचा, म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे, जाऊ दे. माझा नवरा दर रविवारी घरी बसून मॅच बघत होता, त्याला असं उदार होणं सोपं होतं.

सर्वांत वाईट जागा हेअरफील्डच्या बाहेर, मिसेस हॉजेस नावाच्या एका शेतकरीण बाईची. तिथे नळ नाही, वीज नाही, काठ तिरका, उतरलं की गुडघाभर नेटल्स, जी अंगाला लागली की तासभर आग होते. शिवाय तिचे अकरा हंस. हंस म्हटलं की आपल्याला सरस्वती आठवते, पण हे तसले नव्हेत. हे मान पुढे काढून फिस्कारत अंगावर येतात. तरी अंकल तिथे फार वेळ रेंगाळले. शेताच्या टोकाला कालव्यावरून पलीकडे जाणारा एक पादचारी पूल होता, त्याला दुरुस्तीसाठी कुंपण घातलेलं होतं. अंकल त्या कुंपणाला धरून उभे राहिले. रस्त्याने वळसा घालून पलीकडे जायला किती वेळ लागेल, असं त्यांनी मिसेस हॉजेसना विचारलं. चाळीस मिनिटं, असं ती म्हणाली.

त्यावर अंकल जे भडकले, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जणू तो पूल त्या बाईनेच रात्री उठून बंद केला होता. घरी आल्यावर त्यांनी तिला तीन पानी पत्र लिहिलं. त्यात नेटल्स होती, तिरका काठ होता, आणि हंसांना गुंड म्हटलेलं होतं. पोस्टात टाकायला माझ्याचकडे दिलं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला. विकणाऱ्याचा फोन आला, बेनीचा आला. नववी जागा बघून येताना, म्हणजे तिथेही "लांब" ऐकून झाल्यावर, मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं. म्हटलं, अंकल, आता मी निषेध करते आणि तुम्ही ऐकायचा. नऊ जागा झाल्या. कशापासून लांब, हे कळल्याशिवाय ही गाडी हलणार नाही.

त्यांनी मांडीवरची काठी सरळ केली. मग म्हणाले, "त्या सेक्रेटरीच्या घरापासून."

सेक्रेटरी म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. एझ्रा झिराडकर, अंकलचे सख्खे थोरले भाऊ. इथल्या मराठी ज्यूंचं एक छोटंसं मंडळ आहे, त्याचे ते अनेक वर्षं सेक्रेटरी होते. नऊ वर्षांपूर्वी वार्षिक सभेत चहा कागदी कपांतून दिला, म्हणून रूबेन अंकलनी निषेध लिहून घ्यायला सांगितला. एझ्रा अंकलनी नकार दिला. कपबशांचे निषेध सभेच्या इतिवृत्तात येत नाहीत, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून दोघा भावांत एक शब्द नाही. हे मला सिफोरा आंटींनीच कपाळावर हात मारत सांगितलं होतं.

मी म्हटलं, तुम्ही तर त्यांच्याशी बोलत नाही.

"बोलत नाहीच. बोलायचा प्रश्नच नाही. सिफोरा गेली तेव्हा सुतकाचे सातही दिवस तो माझ्याकडे येऊन बसला. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा, एक शब्द नाही. मग शनिवारी मी जायला लागलो. मीपण नाही बोलत. जातो, बसतो. आता त्याची नजर गेली आहे, त्याला वाचता येत नाही. मी आपलं माझं प्रार्थनेचं पुस्तक वाचतो. मोठ्याने वाचायची मला हॅबिट आहे, त्याला काय करणार?"

एझ्रा अंकल राहतात हेअरफील्डला, आमच्या पिनरहून चालत दोन तास. चार वर्षं हा माणूस दर शनिवारी ते अंतर चालत गेला होता, अंधार पडून शनिवार संपला की बसने परत आला होता, आणि कुंपणापलीकडून मला वाटायचं, की शनिवारी यांचा निषेध बंद असतो म्हणजे आराम करत असतील.

मी म्हटलं, मग रविवारी जा ना. मी सोडते गाडीने. बोट कशाला हवी?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अश्लील बोलले होते. "रविवारी गाडी करून गेलो तर मुद्दाम गेल्यासारखं होईल. शनिवारी माणूस चालायला निघतो, वाटेत घर लागतं, बसतो. आणि तिकडे फ्लॅट घेतला तर त्याला वाटेल, त्याच्यासाठी आलो. बोटीचं तसं नाही. बोट पाण्याने येते, कुठेही लागते."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "शनिवारी तो पुढचं दार उघडं टाकून बसतो. मी आल्याशिवाय लावत नाही. फेब्रुवारीपासून दहा शनिवार झाले, मीनल. थंडी होती."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. दोन माणसं, दोघांकडे फोन, आणि एक जण थंडीत दार उघडं टाकून बसलाय, दुसरा बोटी विकत घेतोय. मी इंजिन चालू केलं आणि त्यांना न विचारता गाडी सरळ हेअरफील्डला नेली, मिसेस हॉजेसच्या शेतावर. म्हटलं, निदान त्या पुलाचं काम कधी संपणार ते तरी कुणाला विचारू.

विचारावं लागलं नाही. कुंपण काढलेलं होतं. पुलाला नवे कठडे बसले होते आणि एक बाई कुत्र्याला घेऊन त्यावरून येत होती. अंकल गाडीतून उतरले, काठी टेकत पूल ओलांडून पलीकडच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. मी गाडीपाशी उभी राहून बघत होते. पुढचं अंतर त्यांनी मनातल्या मनात मोजलं.

"बारा मिनिटं," ते म्हणाले. मग त्यांचं तोंड उतरलं. "पण ते पत्र."

ते पत्र मिसेस हॉजेसनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावलं होतं. तीनही पानं, एकाखाली एक. आम्ही दारात उभे राहिलो आणि तिने आत या असं म्हटलं नाही. एका माणसाने जागा मागितली आहे, उद्या त्याला होकार कळवणार आहे, असं तिने सांगितलं. मी अंकलकडे बघितलं. तीस वर्षं युनियनमध्ये काढलेल्या या माणसाने कधी कुठला निषेध मागे घेतल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. ते घसा साफ करून म्हणाले, की ते आपला निषेध मागे घेत आहेत, कृपया लिहून घ्यावं. मिसेस हॉजेसनी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि त्यांच्याच हातात दिली. म्हणाली, तुम्हीच लिहा, माझे हात पिठाचे आहेत.

तिचे हात स्वच्छ होते. अंकलनी आत जाऊन, फ्रिजला टेकून, तिसऱ्या पानाच्या खाली, नेटल्सबद्दल एक ओळ, काठाबद्दल एक ओळ असं सगळं मागे घेतलं, तारीख घातली, सही केली. हंसांपाशी आल्यावर तिने त्यांना थांबवलं. हंसांचं लिहिलंय ते खरं आहे, ती म्हणाली, ते राहू द्या. मग तिने विचारलं, की एवढ्या वाईट जागेत तुम्हाला पाहिजे काय. अंकल म्हणाले, माझा भाऊ पलीकडे राहतो. दुसऱ्या माणसाला ती नाही म्हणून कळवते, असं म्हणाली.

मेच्या पहिल्या शनिवारी मी त्यांच्यासोबत गेले. जायचं काही कारण नव्हतं, पण हंस होते आणि हिप होता. विकणाऱ्याने बोट शेताच्या काठाला आणून लावली होती आणि अंकल आदल्या दिवशीच तिच्यावर मुक्कामाला गेले होते. मी गाडीने शेतापर्यंत गेले आणि तिथून आम्ही दोघं चालत निघालो. पूल, गल्ली, कोपऱ्यावरचं चर्च, आणि मग लाल विटांचं एक बैठं घर. दार खरंच सताड उघडं होतं. अंकल बेल न वाजवता आत गेले आणि त्यांनी ते लावून घेतलं.

एझ्रा अंकल खिडकीपाशी बसले होते. जाड स्वेटर, मांडीवर शाल. त्यांनी आमच्या दिशेला मान वळवली. आज पावलं दोघांची आहेत, असं ते नुसतंच हवेत म्हणाले. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि मग शांतता. दोघं भाऊ समोरासमोर, मध्ये हातभर अंतर, आणि कुणी बोलेना. मला शांतता सोसत नाही, तो माझा दोषच आहे. पाच मिनिटांत मी आतून उकळायला लागले. दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत असं मनात आलं.

तेवढ्यात एझ्रा अंकल मला म्हणाले, "दहा-अकरा शनिवार कुणी आलं नाही. जरा विचारा, काय झालं होतं."

मी रूबेन अंकलकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, ते काही बहिरे नाहीत. ते मला म्हणाले, "सांग, हिपचं ऑपरेशन होतं."

मी सांगितलं. एझ्रा अंकलचे हात शालीवर थांबले. "विचारा, आता दुखतं का."

"सांग, जिना चढताना थोडं."

"विचारा, मग आले कसे."

"सांग, बोट घेतली आहे. पलीकडेच बांधलेली असते. आता दर शनिवारी येता येईल."

यावर एझ्रा अंकलनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग त्यांनी मला विचारायला सांगितलं, की बोटीत रात्री थंडी वाजते का, आणि वाजत असेल तर आतल्या खोलीत एक रजई जास्तीची आहे. असा पाऊण तास मी मध्ये बसून मराठीतून मराठीत निरोप पोचवत होते. माझ्या घशाला कोरड पडली, पण चहा मागायची सोय नव्हती, कारण चहासाठी उठले असते तर यांचं बोलणं बंद पडलं असतं. शेवटी रूबेन अंकलनी टेबलावरचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. एका ठिकाणी ते अडखळले, तेव्हा एझ्रा अंकलनी पुढचे शब्द म्हणून दिले.

परत येताना अंकल पुलावर थांबले. दम लागला होता, पण ते कबूल करणार नव्हते, म्हणून नव्या कठड्याच्या रंगाला नावं ठेवत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या शनिवारी तू मोकळी आहेस का?"

बावीस वर्षांत या माणसाने मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, आता मी कशाला, तुम्हाला रस्ता झेपतोय, हंसांनाही तुमची सवय होईल.

"मला नको आहे सोबत," अंकल म्हणाले. "पण तू नसलीस तर दादा बोलणार कुणाशी?"

मी म्हटलं, मोकळी आहे. खरं तर त्या शनिवारी आमच्याकडे माणसं जेवायला येणार होती. त्यांना मी रविवारी या म्हणून कळवलं.